एक नाव, दोन दारे : 'सर्व्हर डाऊन'मागचा इतिहास

तहसील कचेरी असो, बँक असो की सेतू केंद्र, खिडकीपलीकडून येणारे एक वाक्य आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडले आहे : 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.' पेणला किंवा रोह्याला दाखला काढायला आलेला माणूस हे ऐकतो, एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी पाण्यात घालून परत जातो. कुठेतरी एक मोठे यंत्र बंद पडले असेल, अशी त्याची समजूत होते. कधी ते खरेही असते. पण काही वेळा यंत्र व्यवस्थित चालू असते, त्यातली माहिती शाबूत असते, वीजही असते. बिघाड असतो तो नावात. खिडकीतल्या संगणकाने सर्व्हरला नावाने हाक मारलेली असते, त्या नावाचा पत्ता शोधलेला असतो, आणि मिळालेला पत्ता अशा दाराचा निघतो जिथून त्याला आत जाताच येत नाही.

एका सर्व्हरला दोन किंवा अधिक नेटवर्क कार्डे बसवलेली असतात, तिथे हा प्रकार विशेष होतो. संगणकावर काम करणाऱ्यांना ही डोकेदुखी नवीन नाही. मात्र तिचे मूळ पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेत घेतलेल्या एका साध्या निर्णयात आहे, हे फारसे सांगितले जात नाही. तो निर्णय समजायचा, तर आधी नाव आणि पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे नीट लक्षात घ्यावे लागते. त्यासाठी आपल्या रायगड जिल्ह्यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

रायगड नेमके कुठे आहे?

या जिल्ह्याचे जुने नाव कुलाबा. ते अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावरून आलेले. पण मुंबईतही एक कुलाबा आहेच. त्यामुळे नुसते 'कुलाबा' म्हटले की ऐकणारा कुठे राहतो, त्यावर त्याचा अर्थ ठरायचा. १ जानेवारी १९८१ रोजी जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्या वेळी मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले, याच जिल्ह्यातल्या म्हसळा तालुक्यातील आंबेतचे. शिवछत्रपतींच्या राजधानीचे नाव जिल्ह्याला मिळाले. कुलाब्याचा गोंधळ संपला, पण नावामागे एकच जागा असावी ही अपेक्षा काही पूर्ण झाली नाही.

रायगड किल्ला महाड तालुक्यात आहे. जिल्ह्याचे मुख्यालय अलिबागला आहे. जिल्ह्यातल्या बऱ्याच गाड्यांवर 'एमएच ०६' असते आणि ते परिवहन कार्यालय पेणला आहे. म्हणजे 'रायगडला जायचे आहे' असे कोणी म्हटले, तर त्याला विचारावे लागते : कशासाठी? किल्ला पाहायचा तर महाड, जिल्हाधिकाऱ्यांना भेटायचे तर अलिबाग, गाडीचे काम असेल तर पेण. नाव एक, पत्ते तीन, आणि तिन्ही बरोबर. चूक होते ती काम न विचारता पत्ता दिला तर.

रोह्याची गोष्ट याहून गमतीची आहे. कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहा, दुसऱ्या तीरावर अष्टमी. नगरपरिषदेचे नाव 'रोहा अष्टमी', पण रेल्वेच्या पाटीवर फक्त 'रोहा'. तिथेच मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. पनवेल, पेणकडून येणारी गाडी एका रेल्वेच्या कारभारातून रोह्यात शिरते आणि कोलाडकडे निघते ती दुसऱ्या रेल्वेच्या कारभारातून. गाव एकच, पण दोन जाळ्यांना जोडलेले. मुंबईहून येणाऱ्याला रोह्याचे एक दार दिसते, रत्नागिरीहून येणाऱ्याला दुसरे. दोन नेटवर्क कार्डांचा सर्व्हर म्हणजे हेच.

कोकणातली आडनावेही असेच काही सांगतात. पेणकर, रोहेकर, मुरूडकर ही नावे हिंदूंमध्ये आहेत, मुसलमानांमध्येही आहेत. पण पेणमध्ये राहणाऱ्या माणसाला पेणमध्ये कोणी पेणकर म्हणून ओळखत नाही, कारण तिथे सगळेच पेणचे. तो माणूस बाहेर पडतो, मुंबईला किंवा आणखी दूर जातो, तेव्हा तो पेणकर होतो. नाव कोणासाठी आहे, हे विचारणारा कुठे उभा आहे यावर ठरते. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता संगणकांकडे वळू.

पत्ता यंत्राचा की जोडणीचा?

आजच्या इंटरनेटची आई म्हणजे अर्पानेट. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे त्यावरून पहिला संदेश गेला. या जाळ्यात प्रत्येक ठिकाणी 'इम्प' नावाचे एक यंत्र असे. आजच्या राऊटरचे ते पूर्वज. विद्यापीठाचा मोठा संगणक या इम्पला तारेने जोडलेला असे. संगणकाचा पत्ता काय, तर इम्पचा क्रमांक आणि त्या इम्पच्या कोणत्या खाचेत तार बसवली आहे त्या खाचेचा क्रमांक. पत्ता यंत्राला नव्हे, जोडणीला दिला गेला.

सुरुवातीला यात काहीच अडचण नव्हती. एका यंत्राला एकच तार, मग यंत्राचा पत्ता म्हणा की तारेचा, फरक काय पडतो? फरक पडला १९७२ च्या सुमारास. अर्पानेटच्या काळापासून काम केलेले अभियंते जॉन डे यांनी हा प्रसंग सांगितला आहे. ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळाला जाळ्यात यायचे होते आणि एक तार तुटली तरी काम अडू नये म्हणून त्यांना दोन वेगवेगळ्या इम्पना जोडणी हवी होती. मागणी अगदी रास्त. पण जाळ्याच्या दृष्टीने दोन जोडण्या म्हणजे दोन पत्ते, आणि दोन पत्ते म्हणजे दोन वेगळे संगणक. दोन्ही तारा एकाच यंत्राच्या आहेत हे जाळ्याला सांगण्याची सोयच नव्हती.

त्यावर विचार झाला नाही असे नाही. १९७८ मध्ये जॉन शॉक यांनी एका टिपणात नाव, पत्ता आणि मार्ग या तिन्हींची फोड केली : काय हवे ते नावाने कळते, ते कुठे आहे ते पत्त्याने, आणि तिथे पोहोचायचे कसे ते मार्गाने. १९८२ मध्ये जेरोम सॉल्टझर यांनी आणखी बारकाईने दाखवले की सेवा, यंत्र, यंत्राची जोडणी आणि मार्ग या चार वेगळ्या गोष्टी असून त्यांची सरमिसळ करू नये. पण तोवर इंटरनेटचा आयपी पत्ता ठरून गेला होता आणि तोही जोडणीलाच चिकटला होता. १ जानेवारी १९८३ ला, कुलाब्याचे रायगड झाल्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, अर्पानेटने जुनी पद्धत टाकून टीसीपी-आयपी स्वीकारली. तेव्हापासून आजतागायत आयपी पत्ता संगणकाचा नसतो, त्याच्या नेटवर्क कार्डाचा असतो. दोन कार्डे असतील तर दोन पत्ते. नाव मात्र माणसे संगणकाला देतात, कार्डाला नाही. सगळी कटकट या एका विसंगतीतून येते.

नावांची वही

आकडे माणसांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे आली. सुरुवातीला प्रत्येक केंद्र आपापली यादी ठेवायचे, आणि एकाच संगणकाला वेगवेगळ्या याद्यांत वेगवेगळी नावे असायची. १९७३-७४ मध्ये ठरले की अधिकृत यादी एकच असावी. ती स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या माहिती केंद्रात, एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ठेवली जाई. तिचे नाव 'होस्ट्स डॉट टीएक्सटी'. नवीन संगणक जोडला की माहिती केंद्राला कळवायचे, तिथे नोंद व्हायची, आणि बाकीच्यांनी नवी प्रत उतरवून घ्यायची. तलाठ्याच्या दप्तरासारखाच प्रकार : वही एक, नकला अनेक. या यादीत एका नावापुढे स्वल्पविराम देऊन एकाहून अधिक पत्ते लिहिता येत. म्हणजे दोन दारांची नोंद होत होती, पण कोणते दार कोणासाठी हे लिहायला त्यात जागा नव्हती.

संगणक वाढले तशी ही वही पुरेना. नकला जुन्या राहू लागल्या, नावांवरून वाद होऊ लागले. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस म्हणजे 'डोमेन नेम सिस्टिम'चा आराखडा मांडला. वही एका जागी ठेवण्याऐवजी ज्याने त्याने आपल्या हद्दीतील नावांची नोंद सांभाळावी आणि विचारणाऱ्याला सांगावी, ही त्यामागची कल्पना. १९८७ मध्ये ती सुधारून पक्की झाली आणि आजही तीच चालते. पण इथेही एका नावाला दोन पत्ते असतील तर डीएनएस दोन्ही सांगते, आणि कोणता आधी येईल याची हमी देत नाही. अनेक ठिकाणी तर भार वाटला जावा म्हणून हा क्रम मुद्दाम फिरवला जातो.

ऑक्टोबर १९८९ मध्ये इंटरनेटवरील संगणकांनी कसे वागावे याचे नियम लिहिले गेले. त्यात अनेक जोडण्यांच्या यंत्रासाठी दोन मते नोंदवलेली आहेत. एक मत कडक : ज्या दाराचा पत्ता, त्याच दारातून येणे-जाणे. दुसरे सैल : यंत्र एकच आहे, मग एका दाराच्या पत्त्याची हाक दुसऱ्या दारातून आली तरी ओ द्यावी. नियम लिहिणाऱ्यांनी निकाल दिला नाही. परिणाम असा की लिनक्स सैल मताने चालते आणि विंडोज 'व्हिस्टा'नंतर कडक मताने. एकाच कार्यालयात दोन्ही असतील तर तोच दोष दोन तऱ्हांनी दिसतो.

हा पेच संगणकांच्या आधीचा

नोंद ठेवणाऱ्यांना हा पेच संगणकांच्या कितीतरी आधी पडला होता. अकराव्या शतकातल्या बगदादमध्ये अल-खतीब अल-बगदादी (१००२-१०७१) यांनी हदीस सांगणाऱ्यांच्या नावांवर मोठे काम केले. एकच माणूस कुठे बापाच्या नावाने, कुठे गावाच्या नावाने, कुठे धंद्याच्या नावाने नोंदलेला असे, आणि वाचणारा त्याला तीन वेगळी माणसे समजे. उलट, एकाच नावाची दोन माणसे एक समजली जात. या दोन्ही चुका उलगडण्यासाठी त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच्या शीर्षकातच 'जमा' आणि 'तफरीक' हे शब्द आहेत : वेगळ्यांना एकत्र करणे आणि एकाला वेगळे करणे. टिंकर हवाई तळाचा एक संगणक जाळ्याला दोन वाटला, ही यातली दुसरी चूक.

त्या परंपरेत गाव बदलणाऱ्यांसाठी एक साधी रीतही होती. माणूस बसऱ्याचा असून पुढे बगदादला गेला, तर 'अल-बसरी, सुम्मा अल-बगदादी' असे लिहावे. 'सुम्मा' म्हणजे 'नंतर'. या एका शब्दाने दोन्ही पत्ते राहतात आणि त्यांचा आपसांतला संबंधही कळतो. नुसती दोन ठिकाणांची नावे शेजारी लिहिली, तर वाचणाऱ्याला अंदाजच बांधावा लागतो. आपल्या सर्व्हरांच्या नोंदींत नेमका हा 'सुम्मा' नसतो.

तालुक्याच्या कचेरीत

आता हे आपल्याकडे कसे घडते ते पाहू. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले. पुढे सरकारी कामासाठी 'महाराष्ट्र राज्य वाइड एरिया नेटवर्क' आले आणि मंत्रालयापासून विभाग, जिल्हा आणि तालुक्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचले. त्याआधी १९९४ मध्ये खासगी जाळ्यांसाठी काही पत्ते राखून ठेवण्यात आले होते. '१०' ने सुरू होणारे पत्ते त्यातलेच. हा एके काळी खुद्द अर्पानेटचा क्रमांक होता, अर्पानेट बंद झाल्यावर तो मोकळा झाला. मोठी जाळी '१०'चे पत्ते वापरू लागली, लहान कार्यालये '१९२.१६८'चे. ज्या सर्व्हरला दोन्हीकडे सेवा द्यायची, त्याला दोन कार्डे बसवणे क्रमप्राप्तच होते.

समजा, रोह्यातल्या एखाद्या कार्यालयात 'दप्तर' नावाचा सर्व्हर आहे. त्याच्या एका कार्डाचा पत्ता १९२.१६८.१.१०, तो कार्यालयातल्या संगणकांसाठी. दुसऱ्याचा १०.२०.३०.५, तो वरच्या कार्यालयाशी बोलण्यासाठी. सर्व्हर स्वतः होऊन दोन्ही पत्ते डीएनएसमध्ये नोंदवतो. खिडकीतला संगणक 'दप्तर' विचारतो, त्याला दोन्ही मिळतात. पहिला १९२ चा आला तर काम होते. १० चा आला, आणि तिकडची वाट त्याला बंद असेल, तर पडद्यावर चक्र फिरत राहते. सकाळी चालले, दुपारी बंद, शेजारच्या टेबलावर चालू, इथे बंद. मग वाक्य येते : सर्व्हर डाऊन आहे.

अशा वेळी सर्व्हर बंद करून चालू करण्याआधी काही गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली, नाव बाजूला ठेवून थेट पत्त्याला 'पिंग' करावे. पत्ता ओ देतो आणि नाव देत नाही, तर सर्व्हर डाऊन नाही, एवढे तिथेच सिद्ध होते. मात्र काही सर्व्हर सुरक्षेसाठी पिंगला उत्तर देत नाहीत, तेव्हा ज्या सेवेचे काम आहे तीच पत्त्याने उघडून पाहावी.

दुसरी, नाव दोन तऱ्हांनी विचारावे. 'एनएसलुकअप' सरळ डीएनएसला विचारते. 'पिंग' मात्र संगणकाच्या नेहमीच्या वाटेने जाते : आधी त्याच संगणकातली होस्ट्स फाइल, आठवणीत साठवलेले जुने उत्तर, मग डीएनएस. दोघांची उत्तरे वेगळी आली तर बिघाड डीएनएसमध्ये नाही, त्या संगणकातच जुनी नोंद राहून गेली आहे.

तिसरी, डीएनएसमध्ये 'दप्तर'च्या नावे किती पत्ते आहेत ते मोजावे. नको असलेला नुसता पुसून भागत नाही, सर्व्हर तो पुन्हा नोंदवतो. विंडोजमध्ये त्या कार्डाच्या सेटिंगमध्ये 'या जोडणीचा पत्ता डीएनएसमध्ये नोंदवा' ही खूण असते, ती काढावी लागते.

चौथी, सर्व्हर स्वतःला कोणत्या पत्त्याने ओळखतो ते पाहावे. डेबियन आणि उबुंटूमध्ये संगणकाचे स्वतःचे नाव होस्ट्स फाइलमध्ये १२७.०.१.१ या आतल्या पत्त्यापुढे लिहिलेले असते. एखादी सेवा आपल्याच नावाचा पत्ता शोधून त्यावर बसली, तर ती घरातल्या घरात ऐकत राहते, बाहेरच्याची हाक तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

पाचवी, दोन्ही कार्डांना 'डिफॉल्ट गेटवे' दिलेला नाही ना, हे तपासावे. बाहेर जाण्याचा सर्वसाधारण रस्ता एकच हवा, दुसऱ्या बाजूच्या जाळ्यासाठी वेगळा मार्ग नेमून द्यावा. नाहीतर हाक एका दारातून येते, उत्तर दुसऱ्यातून निघते, आणि वाटेतला फायरवॉल ते अनोळखी म्हणून टाकून देतो.

सहावी, पत्त्यावरून नाव शोधणारी उलटी नोंदही बघावी. काही सेवा ती जुळल्याशिवाय दार उघडत नाहीत, किंवा बराच वेळ घेतात.

दुरुस्ती करताना एक जवळची वाट सगळ्यांना खुणावते. प्रत्येक संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये 'दप्तर'चा पत्ता लिहून टाकायचा. त्या दिवशी काम सुरू होते, लोक धन्यवाद देतात. दोन वर्षांनी सर्व्हर बदलतो, पत्ता बदलतो, आणि बारा संगणक जुन्या पत्त्यावर जात राहतात. लिहिणारा माणूस तोवर बदलून गेलेला असतो. जी वही पुरेना म्हणून १९८३ मध्ये डीएनएसचा आराखडा आला, तिच्याच नकला आपण पुन्हा बारा ठिकाणी ठेवतो.

त्यापेक्षा दोन दारांना दोन नावे द्यावीत : कार्यालयासाठी 'दप्तर', वरच्या जाळ्यासाठी 'दप्तर-राज्य'. किंवा डीएनएसलाच सांगावे की आतून विचारणाऱ्याला आतले उत्तर दे, बाहेरून विचारणाऱ्याला बाहेरचे. आणि सर्व्हरजवळ एक साधा कागद लावावा : कोणते कार्ड, कोणता पत्ता, कोणासाठी, कधीपासून. सर्व्हर बदलून आलेल्या नव्या माणसाला यातून सगळे कळते. याला ना खर्च लागतो, ना मंजुरी.

'सर्व्हर डाऊन'चा तोटा सर्वांना सारखा होत नाही, म्हणून हे सविस्तर सांगितले. ज्याचे कार्यालय शेजारी आहे तो उद्या पुन्हा येतो. दूरच्या वाडीवरून आलेल्या बाईची मजुरी जाते. कोकणातल्या अनेक मुस्लिम घरांत कमावता माणूस आखातात असतो, दहा-पंधरा दिवसांच्या सुट्टीत दाखले, फेरफार, पासपोर्टची कागदपत्रे सगळे उरकायचे असते. त्याच्यासाठी दोन 'उद्या' म्हणजे काम पुढच्या वर्षावर. त्याचे नाव रोह्याच्या रेशनकार्डावर आणि राहणे कुवेतला. दोन पत्त्यांचा माणूस खिडकीपुढे उभा आणि त्याला अडवणारा सर्व्हरही दोन पत्त्यांचा. दोघांचेही दोन्ही पत्ते खरे आहेत.

पुढच्या वेळी हे वाक्य कानावर आले, तर रागावण्याऐवजी खिडकीतल्या कर्मचाऱ्याला एवढेच विचारावे : 'नावाने लागत नाही, की पत्त्यानेही लागत नाही?' त्याला उत्तर माहीत नसेल तर तो तांत्रिक माणसाला विचारेल. तिथून दुरुस्ती सुरू होते.